पाठीचा पाठ : कणा, स्नायू आणि आपल्या मुलांचं दप्तर



सहावीच्या सामान्य विज्ञानात 'आपली अस्थिसंस्था व त्वचा' हा पाठ आहे. आपण तो शिकवतो. मुलं कवटी, बरगड्या, कणा ही नावं पाठ करतात, आकृतीला नावं देतात आणि मार्क मिळवतात. मीही काही वर्षं तो असाच शिकवला. मग वर्गातल्या एका मुलामुळे मला तो वेगळ्या पद्धतीने शिकवावा लागला. तो अनुभव आणि त्यातून तयार झालेला पाठ आज तुमच्यासमोर ठेवते आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे हळद काढणीचे दिवस. त्या दिवसांत वर्गातला एक मुलगा सारखा बाकावर वाकून बसायचा. मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे, "सरळ बस." एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, पाठ दुखायली." मी हसून उत्तर दिलं, "तुझ्या वयात कसली रे पाठ दुखते?" वर्गही हसला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांची वजनं घ्यायची होती. काटा समोरच होता, म्हणून सहज त्याचं दप्तर काट्यावर ठेवलं. मुलाचं वजन २९ किलो आणि दप्तराचं ५ किलो ४०० ग्रॅम! दप्तर उघडलं तर सगळ्या विषयांची पुस्तकं आणि सगळ्या वह्या. का? तर मी वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं, पण पाळत नव्हते. कोणत्या दिवशी कोणता विषय घेईन याचा नेम नसल्यामुळे पोरगं बिचारं रोज सगळंच घेऊन येत होतं. शिवाय सुट्टीच्या दिवशी तो घरच्यांसोबत शेतात हळदीची घमेली उचलत होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि दप्तराला तर मीच कारण होते.

तेव्हापासून हा पाठ मी मुलांच्या स्वतःच्या पाठीवर शिकवते.

१) कण्यात मणके किती? हे लक्षात ठेवायची युक्ती

पाठीचा कणा म्हणजे एक सलग हाड नाही. ती एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ आहे. जन्माच्या वेळी साधारण ३३ मणके असतात. त्यांची वाटणी मुलांना अशी सांगते :

- मानेचे ७ : आठवड्याचे वार ७
- छातीच्या मागचे १२ : वर्षाचे महिने १२ (बरगड्यांच्या १२ जोड्या यांनाच जोडलेल्या)
- कमरेचे ५ : हाताची बोटं ५
- त्याखालचे ५ : आपल्या जिल्ह्याचे तालुके ५
- माकडहाडाचे ४ : दिशा ४

चौथ्या ओळीवर थोडं थांबायचं. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके मिळून १ मे १९९९ रोजी आपला जिल्हा झाला. तसेच कमरेखालचे हे पाच मणके जुळून एकच हाड होतं, त्याला त्रिकास्थी म्हणतात. मात्र आपल्या विद्यार्थ्यांच्या वयात हे मणके पूर्ण जुळलेले नसतात. किशोरवयापासून ते जुळत जातात आणि साधारण पंचविशीपर्यंत एकजीव होतात. माकडहाडाचे मणकेही असेच जुळतात. म्हणून मोठ्या माणसाच्या कण्यात सुटी हाडं मोजली तर ती ३३ भरत नाहीत, २६ भरतात. २४ सुटे मणके, एक त्रिकास्थी आणि एक माकडहाड. हे गणित मुलांकडूनच करून घ्या.

करून पाहू : मान खाली घाला आणि मानेच्या मुळाशी हात फिरवा. एक मोठा उंचवटा हाताला लागतो. बहुतेकांच्या बाबतीत तो मानेचा सातवा मणका असतो. तिथून खाली मोजायला सुरुवात करा. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतसुद्धा सातच मणके असतात हे सांगितलं की वर्गात एकदम गलका होतो. नंतर मुलांना 'हो' म्हणून मान हलवायला सांगा, मग 'नाही' म्हणून. 'हो'ची हालचाल मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये होते, 'नाही'ची पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये.

२) मणक्यांमधली गादी

दुसऱ्या मणक्यापासून खाली दर दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. आपल्याकडे तिला 'गादी' म्हणतात. अशा एकूण २३ गाद्या. बाहेरून चिवट धाग्यांचे थर आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर, अशी तिची रचना असते. चालताना, उड्या मारताना बसणारा धक्का ती झेलते.

दिवसभर उभं राहून, बसून या गाद्यांमधलं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं. रात्री आडवं झालं की ते परत भरतं. म्हणून आपण सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटरने उंच असतो. हा घरी करायचा छान प्रयोग आहे. उठल्या उठल्या भिंतीला पाठ लावून खूण करायची आणि झोपण्याआधी पुन्हा करायची. आईबाबांचीही उंची मोजायला सांगा.

'गादी सरकली' असं आपण म्हणतो, पण गादी साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. होतं असं की बाहेरच्या थराला चीर पडते आणि आतला गर बाहेर फुगतो. तो शेजारच्या नसेवर दाबला गेला तर कमरेतून पायापर्यंत कळ जाते.

या मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मेरुरज्जू जातो. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघून हातापायांपर्यंत, पोटापर्यंत पोहोचतात. मोठ्या माणसात मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, पुढे फक्त नसांचा झुबका जातो. म्हणजे कणा दोन कामं करतो. शरीराला आधार देतो आणि या नाजूक दोरीला जपतो. अपघातात जखमी झालेल्या माणसाला घाईघाईने हातपाय धरून उचलू नये, असं का सांगतात ते मुलांना इथे कळतं.

३) कणा सरळ नसतोच!

बाजूने पाहिलं तर कण्याला चार वळणं असतात. मानेत आणि कमरेत तो पुढे झुकलेला, छातीमागे आणि त्रिकास्थीपाशी मागे फुगलेला. तान्ह्या बाळाचा कणा एकाच कमानीसारखा असतो. तीन-चार महिन्यांत बाळ मान धरायला लागलं की मानेचं वळण दिसू लागतं. ते उभं राहून चालायला लागलं की कमरेचं वळण तयार होतं. म्हणजे ही वळणं वापरातून घडत जातात. स्प्रिंगसारखी ती भार झेलतात.

मग आपण मुलांना 'सरळ बस' म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? ताठ काठीसारखं तासभर बसणं पाठीलाही जमत नाही. मूल चुळबुळ करतं, बाकावर सरकतं, कोपरावर रेलतं, कारण एकाच जागी स्नायू थकलेले असतात. त्यात दरवेळी बेशिस्त नसते. आता मी 'सरळ बस' ऐवजी 'उभे राहा, हात वर, एक आळस द्या' म्हणते. अर्ध्या तासाने एकदा, एक मिनिट. वर्ग जास्त शांत राहतो, हा माझा अनुभव आहे.

४) पाठीचे स्नायू : मंडपाच्या खांबाचे दोर

लग्नाच्या मंडपाचा उंच खांब एकट्याने उभा राहत नाही. त्याला चारी बाजूंनी दोर बांधावे लागतात. एका बाजूचा दोर सैल झाला की खांब दुसरीकडे कलतो. आपल्या कण्याचे दोर म्हणजे स्नायू. पाठीत ते तीन थरांत असतात.

- वरचा थर : हे स्नायू पाठीवर असले तरी मुख्यतः खांद्यांसाठी आणि हातांसाठी काम करतात. मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीच्या मध्यापर्यंत पतंगाच्या आकाराचा ट्रॅपेझियस पसरलेला असतो. दप्तराचा पट्टा याच्यावरच येतो. त्याखाली बगलेपासून कमरेपर्यंत पसरलेला लॅटिसिमस डॉर्साय. विहिरीतून पोहरा ओढताना, दोरीवर चढताना तो कामाला येतो.
- मधला थर : पातळ स्नायू. ते बरगड्यांना जोडलेले असतात.
- खोल थर : खरे कण्याचे स्नायू हेच. कण्याच्या दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत गेलेला इरेक्टर स्पायनी आपल्याला उभं धरतो आणि वाकल्यावर परत वर आणतो. त्याच्याही खाली एका मणक्यापासून दुसऱ्या मणक्यापर्यंत जाणारे छोटे स्नायू असतात, ते प्रत्येक मणका जागेवर सांभाळतात.

पुढच्या बाजूचे दोर म्हणजे पोटाचे स्नायू. म्हणून पाठ मजबूत करायची तर पोटाचाही व्यायाम लागतो.

करून पाहू : दोन्ही अंगठे कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. हळूच थोडं पुढे झुका. अंगठ्याखाली काहीतरी टणक होतं ना? तोच इरेक्टर स्पायनी. आता जागच्या जागी पावलं टाका, दोन्ही बाजू आलटून पालटून घट्ट होतील.

मॉडेल : बाटल्यांची झाकणं (मणके), स्पंजचे गोल तुकडे (गाद्या) आणि मधून ओवलेली सुतळी (मेरुरज्जू). दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या लावल्या की स्नायू तयार. एका बाजूची पट्टी ओढली की माळ कशी वाकते ते मुलं स्वतः बघतात.

५) घमेलं आणि तरफ

सहावीच्याच पुस्तकात 'साधी यंत्रे' आहे. तिथली तरफ इथे जोडून घ्या. वाकून वजन उचलताना कमरेचा मणका म्हणजे टेकू, हातातलं घमेलं म्हणजे भार आणि पाठीचा स्नायू म्हणजे बल. स्नायू टेकूपासून फक्त ५ सेंटीमीटरवर आहे असं धरू. घमेलं १० किलोचं आणि टेकूपासून ५० सेंटीमीटर पुढे.

१० × ५० = ५०० आणि ५०० ÷ ५ = १००

म्हणजे १० किलोच्या घमेल्यासाठी पाठीच्या स्नायूला १०० किलोइतका जोर लावावा लागतो! यात आपल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. आता तेच घमेलं अंगाजवळ, २० सेंटीमीटरवर धरलं तर १० × २० ÷ ५ = ४० किलो. घमेलं तेच, माणूस तोच. फक्त अंतर कमी केलं आणि जोर निम्म्याहून कमी झाला.

हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी आईला सांगते, घमेलं पोटाशी धर म्हणून." मला वाटतं, हा पाठ त्या वाक्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वस्तूच्या जवळ जायचं, गुडघ्यात वाकायचं, वस्तू अंगाशी धरायची आणि वजन हातात असताना कमरेतून पिळ द्यायचा नाही.

६) उसण भरते म्हणजे काय?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. वाकताना किंवा वजन उचलताना अचानक पाठ धरते, हलता येत नाही. बहुतेक वेळा स्नायू किंवा अस्थिबंध ताणला जातो आणि आजूबाजूचे स्नायू आखडून त्या जागेची हालचाल थांबवतात. आपल्याकडे अशा वेळी पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेतात. अशी उसण बहुतांशी काही दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे पाय लावला तरी उतरते आणि नाही लावला तरी उतरते. मुलांना हे सांगताना घरच्या मोठ्यांची टिंगल होणार नाही याची काळजी घ्या. पण एक गोष्ट ठामपणे सांगा : पडल्यामुळे पाठ दुखत असेल, तर पाठीवर पाय देऊ नये, तुडवू नये. आधी दवाखाना.

७) दप्तराबद्दल खरं काय?

'जड दप्तराने मुलांना कुबड येतं' असं आपण पालकसभेत सांगतो. मीही सांगायचे. पण दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो याला भक्कम पुरावा नाही. कणा बाजूला वाकण्याच्या बहुतेक प्रकारांत नेमकं कारणच सापडत नाही. म्हणून पालकांना घाबरवू नका.

तरीही जड दप्तर वाईटच. ते मुलाला मागे ओढतं, म्हणून मूल पुढे झुकून आणि मान पुढे काढून चालतं. खांद्यावर पट्टा रुततो, स्नायू थकतात. थकलेलं मूल पहिल्या तासापासूनच कंटाळलेलं असतं. एका खांद्यावर अडकवलं तर एकाच बाजूचा दोर ताणला जातो.

यासाठी नियमही आहेत. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०१५ च्या शासन निर्णयानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात इयत्तेनुसार वजन दिलं आहे :

- पूर्वप्राथमिक : दप्तरच नाही
- पहिली-दुसरी : १.६ ते २.२ किलो
- तिसरी ते पाचवी : १.७ ते २.५ किलो
- सहावी-सातवी : २ ते ३ किलो
- आठवी : २.५ ते ४ किलो

माझ्या त्या विद्यार्थ्याचं गणित करा. २९ किलोचे १० टक्के म्हणजे २.९ किलो. त्याच्या पाठीवर होते ५.४ किलो, म्हणजे जवळजवळ १९ टक्के.

ओझं कमी करण्यासाठी २०२३-२४ मध्ये बालभारतीची दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत, वहीची पानं जोडून आली होती. २०२५-२६ पासून ती पद्धत बंद झाली. म्हणजे आता वह्या आणि पूर्ण पुस्तकं परत दप्तरात आली आहेत. आता वेळापत्रक पाळणं आपल्याच हातात आहे.

८) आमच्या वर्गात काय बदललं

- वेळापत्रक दारावर लावलं आणि मी ते पाळते. बदल करायचा असेल तर आदल्या दिवशी सांगते.
- दर सोमवारी ताणकाट्यावर दप्तरं मोजतो. मुलंच मोजतात आणि टक्के काढतात. शेकडेवारीचा सराव वेगळा घ्यावा लागत नाही.
- एक लिटर पाणी म्हणजे एक किलो! शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर बाटली रिकामी आणायची आणि शाळेत भरायची.
- जड पुस्तकं पाठीच्या बाजूला, हलक्या वस्तू बाहेर. दोन्ही पट्टे खांद्यावर आणि दप्तर कमरेच्या खाली लोंबकळणार नाही इतके आवळलेले.
- चित्रकलेची वही आणि कार्यानुभवाचं साहित्य वर्गातल्या कपाटात.

त्या मुलाचं दप्तर आता अडीच किलोच्या आसपास असतं. त्याच्या वडिलांशीही बोलले. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही पोती उचलूनच मोठे झालो." मी विचारलं, "आणि आता तुमची कंबर कशी आहे?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रात्री झोप येत नाही कधी कधी." त्यांना एवढंच सांगितलं की वाढीच्या वयात मणक्यांची टोकं अजून कूर्चेची असतात, पुरती हाड झालेली नसतात. घरचं काम शिकू द्या, पण भरलेलं घमेलं पोराच्या हातात देऊ नका. ते लगेच मानले असं नाही. पण पुढच्या वेळी ते स्वतःच म्हणाले, "अर्धंच भरून देतो आता."

९) पालकांनो, हे दिसलं तर थांबू नका

मूल पाठ दुखते म्हणालं तर आधी ऐकून घ्या, मी केलं तसं हसू नका. बऱ्याच वेळा विश्रांतीने आणि हालचालीने बरं वाटतं. पण पुढीलपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा :

- रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा काही आठवडे न थांबणारं दुखणं
- सोबत ताप, वजन घटणं, भूक मंदावणं (क्षयरोग मणक्यातही होतो. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.)
- पायात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा
- लघवी-संडासवरचा ताबा जाणं
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं

आणखी एक तपासणी घरीच करता येते. मुलाला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवा. दहा वर्षांनंतर वाढ झपाट्याने होते, तेव्हा हे अधूनमधून पाहावं. मुलींची तपासणी आईने घरीच करावी. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही न लाजता सांगावं.

स्वाध्याय (मुलांसाठी)

१. जन्मावेळी ३३ मणके, मग मोठ्या माणसात २६ हाडं कशी?
२. सकाळची आणि रात्रीची उंची मोजा. फरक का पडला?
३. तुमच्या दप्तराचं वजन तुमच्या वजनाच्या किती टक्के आहे?
४. ८ किलोची बादली टेकूपासून ४० सेंटीमीटरवर आणि नंतर २० सेंटीमीटरवर धरली, तर पाठीच्या स्नायूला किती जोर लागेल? (स्नायू ५ सेंटीमीटरवर)
५. 'कणा' हा शब्द असलेली तीन वाक्यं लिहा. 'शेतकरी देशाचा कणा आहे' असं का म्हणतात ते घरी विचारा.

हा पाठ दोन तासिकांत होतो. पहिली मणके, गाद्या आणि मॉडेलसाठी. दुसरी स्नायू, तरफ आणि दप्तराच्या वजनासाठी. आपल्या वर्गात उद्याच एक ताणकाटा टांगा आणि सुरुवात स्वतःच्या बॅगेपासून करा. माझी बॅग मुलांनी मोजली तेव्हा सगळ्यात जास्त हसू आलं होतं!

आपल्या शाळेतले अनुभव नक्की कळवा.